झालं म्हणजे काय झालं?

सुरेशचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका कामाचं वर्णन लिहीत बसले होते. 'ग्राहकाने पत्ता बदलल्यावर' एवढं लिहून झालं होतं. "अनघा, कुंदा गेली गं," तो म्हणाला. "सकाळी. झोपेतच." मी काय बोलले ते आठवत नाही. घरी आहात की हॉस्पिटलात, मीनल कुठे आहे, असलंच काहीतरी विचारलं असावं. फोन ठेवला आणि मी ते अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं. 'ग्राहकाने पत्ता बदलल्यावर जुना पत्ता पुसू नये.' पूर्णविराम दिला, कागद ड्रॉवरमध्ये ठेवला, पर्स उचलली आणि कोपरला निघाले. जिवाभावाचं माणूस गेल्याचं कळल्यावर कुणी वाक्य पुरं करत बसतं का, ही बोचणी पुढे कितीतरी दिवस लागून राहिली. आता वाटतं, ती सवय तिनंच लावलेली. अर्धं वाक्य सोडून उठलीस तर परत आल्यावर तुला काय म्हणायचं होतं ते तुलाच कळणार नाही, असं ती म्हणायची... मी परत आले, तो कागद अजून ड्रॉवरमध्येच आहे. काढून बघायचं धैर्य झालेलं नाही.

वाचकांना कुंदा म्हात्रे हे नाव माहीत असायचं काही कारण नाही. ती संगणकाचे प्रोग्रॅम लिहायची. डोंबिवलीत कॉम्प्युटर म्हटलं की "म्हणजे ते, बँकेतल्या माणसांच्या नोकऱ्या खाणारं?" असं लोक विचारायचे, तेव्हापासून लिहायची. वडिलांची खाडीत होडी होती, आई डोंबिवलीच्या बाजारात मासळी विकायची. घरात सगळ्यांत जास्त शिकलेली कुंदाच. संख्याशास्त्रात बी.एस्सी. झाली, कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि ठाण्याला नौपाड्यातल्या एका छोट्या कंपनीत चिकटली. पुढे शाळेत शिकवणाऱ्या सुरेशशी लग्न झालं आणि माहेरापासून हाकेच्या अंतरावर कोपरलाच तिनं संसार थाटला. मी त्या कंपनीत लागले ती ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा. खाली भांड्यांचं दुकान, वर आम्ही. एसी फक्त मशीनच्या खोलीला, माणसांना नाही. चपला बाहेर काढून आत जायचं, आणि आत इतका गारठा की कुंदा भर मे महिन्यातसुद्धा साडीवर सुरेशचा मरून स्वेटर घालून बसायची. पहिल्या दिवशी मला ती टायपिस्ट वाटली होती. हे मी तिला नंतर सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की साहेब केबिनमधून बाहेर आले.

हे साहेब मोठे उत्साही गृहस्थ. कामं तोंडी सांगायचे, तीही जिन्यात, चालता चालता. "त्या कारखान्याचं रजेचं जरा बसवून टाका," असं मला एकदा म्हणाले आणि खाली उतरून गेलेसुद्धा. मी लगेच टर्मिनलसमोर बसले. कुंदा शेजारून म्हणाली, "हो म्हणून आलीस ना? काय करायचंय?"

"रजेचा हिशेब."

"आणि तो झाला हे तुला कळणार कसं?"

"प्रोग्रॅम चालला की कळेल."

"चालेल गं. चुकलेला प्रोग्रॅमपण मस्त चालतो. झालं म्हणजे काय झालं, ते सांग मला."

मग तिनं मला टर्मिनलसमोरून उठवलं आणि साध्या कागदापुढे बसवलं. सबंध दुपार आम्ही बोललो. एका कामात एकच काम ठेवायचं. वर्णनात 'आणि' आला की थांबायचं, बहुतेक वेळा तिथे दुसरं काम लपलेलं असतं. आत काय येणार, बाहेर काय निघणार, ते कारखान्यातल्या टाइमकीपरला कळेल अशा भाषेत लिहायचं. गोष्टीला तिचंच नाव द्यायचं. शिल्लक रजेला 'आर-टू' म्हणायचं नाही, शिल्लक रजाच म्हणायचं, कारण पुढच्या वर्षी हा कागद वाचणारी बाई दुसरीच असेल. आपण काय करणार नाही तेही लिहायचं, नाहीतर लोक गृहीत धरतात. आणि शेवटी, झालं की नाही हे तपासायचं कसं ते आधी लिहून ठेवायचं, काम करायच्या आधी. नंतर लिहिलं तर आपण आपल्याला हवं तेच लिहितो. हे सगळं कुठं शिकलीस, असं मी तिला विचारलं. खाडीतल्या होड्या, वडिलांची शिकवण, असलं काही ती सांगेल अशी माझी भाबडी अपेक्षा. ती म्हणाली, "थोडं मॅन्युअलमध्ये होतं. बाकी शिव्या खाऊन."

तिच्या ह्या स्वभावाची किंमत तिला एकदा मोजावी लागली, ते इथे सांगायला हवं. कल्याणच्या एका धर्मादाय रुग्णालयानं रक्तदात्यांच्या यादीचं काम आमच्याकडे दिलं होतं. साहेबांनी आणलेल्या कागदावर एकच ओळ होती, 'रक्तगट टाकताच दाते मिळावेत.' कुंदा ती ओळ घेऊन रुग्णालयात गेली आणि रक्ताची व्यवस्था बघणाऱ्या सिस्टरच्या शेजारी स्टूल टाकून बसली. दुसऱ्या दिवशीही गेली, नंतरही जात राहिली. परत आली ती गंभीर होऊन. "अनघा, गट शोधणं हे कामच नाहीये. त्याच गटाची माणसं चिकार मिळतात. नुकतंच रक्त दिलंय त्याला बोलवायचं नाही, हे काम आहे. कुणाकडे फोन नाही, शेजाऱ्यांचा आहे, ते शेजारी रागावतात. कुणी खडवलीला राहतो, तो येईपर्यंत पेशंट..." मग त्या एका ओळीचे तिनं तुकडे केले. लहान लहान, प्रत्येक आपल्या पायावर उभा राहील असा. पहिला तुकडा शोधाचा. त्याखाली तिनं लिहिलं होतं, 'कुणाला बोलवायचे हे प्रोग्रॅमने ठरवायचे नाही. ते सिस्टर ठरवतील.'

तेवढ्यात उद्घाटन ठरलं. पाहुणे येणार, फोटो निघणार. साहेबांना पडद्यावर विश्वस्तांची नावं रंगीत अक्षरांत हवी होती. शोधाच्या तुकड्याची तपासणी अजून व्हायची होती. कुंदानं सिस्टरकडून जुने प्रसंग मागवले होते, त्या प्रत्येक प्रसंगी प्रोग्रॅम काय उत्तर देतो ते तिला बघायचं होतं. साहेब म्हणाले, "झालं असं कळवून टाका. तपासणी मागाहून होईल." कुंदा म्हणाली, "सर, झालं नाही. मी झालं लिहिणार नाही." आवाज चढवला नाही, मान खाली घातली नाही. दुसऱ्या आठवड्यात ते काम तिच्याकडून काढून माझ्याहून नव्या एका मुलाकडे दिलं गेलं. तिला जुन्या पगारपत्रकांच्या दुरुस्तीला बसवलं. ती बसली. जेवणाच्या सुट्टीत मात्र डबा बाजूला ठेवून ती शोधाच्या तुकड्याची तपासणी करत राहायची. उद्घाटनाआधी तिनं ती पुरी केली, आणि साहेबांच्या टेबलावर कागद ठेवून म्हणाली, "हे आता झालं." बाकीचे तुकडे पुढे रखडले, रुग्णालयाचाही उत्साह मावळला. शोधाचा पडदा मात्र चालू राहिला. बऱ्याच वर्षांनी मी तिथे कुणाला तरी भेटायला गेले होते, तेव्हा पाहिलं, पडद्याचा काळा-हिरवा रंग तोच, त्यावर बोट ठेवून एक तरुण सिस्टर फोन फिरवत होती. मी कुंदाला सांगितलं. ती तेव्हा आजारी होती. डोळे मिटून ऐकत राहिली.

तिच्या आजाराबद्दल लिहायला हात वळत नाही. लहानपणी सांध्यांचा ताप आला होता, त्यानं हृदयाची एक झडप खराब केली होती. ते तिला माहीत होतं, आम्हाला नव्हतं. तिची मुलगी मीनल तिसरीत असताना एका सकाळी कुंदाच्या हातातून कपबशी पडली आणि ती पडलेल्या तुकड्यांकडे नुसती बघत उभी राहिली. गुठळी मेंदूत गेली होती. उजवा हात गेला, पाय ओढत चालू लागली, शब्द हरवले. पण सगळ्यात वाईट वेगळंच होतं. कामांचा क्रम तिच्या डोक्यातून पुसला गेला होता. ब्रश हातात घेऊन ती बेसिनपाशी उभी राहायची. ब्रश कळायचा, पेस्ट कळायची, आधी काय ते कळायचं नाही... जिनं आम्हाला कामं तोडायला शिकवलं तिला दात घासता येत नव्हते. मी त्या दिवसांत कोपरहून परतताना स्टेशनच्या पुलावर उभी राहून रडायचे आणि मग घरी जायचे.

ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोजच्या गोष्टी पुन्हा शिकवाव्या लागतील, भिंतीवर लिहून लावा. सुरेशनं मास्तराच्या सुरेख अक्षरात लिहिलं, 'सकाळी उठून सर्व आवरणे.' मी रविवारी गेले तेव्हा कुंदा त्या कागदासमोर उभी होती. तिनं डाव्या हाताचं बोट 'सर्व'वर ठेवलं. ओठ हलत राहिले. शब्द सापडायला फार वेळ लागला. "मोठं," ती म्हणाली. "फार... मोठं." आणि हसली. तोंडाची एक बाजूच हसली, पण ती आमची कुंदा होती. सुरेश स्वयंपाकघरात निघून गेला. मी कागद घेतले.

त्या दिवशी आम्ही फक्त चहा लिहिला. ती सांगायची, मी लिहायचे. सांगायची म्हणजे बोट दाखवायची, एखादा शब्द काढायची, चुकीचा निघाला की कपाळावर हात मारून घ्यायची. पातेलं ओट्यावर. पाणी कपानं मोजून. मग गॅस. प्रत्येक ओळीच्या शेवटी ती अडून बसायची, 'झालं' कसं कळणार ते लिहिल्याशिवाय पुढे जाऊ द्यायची नाही. 'पाणी उकळले म्हणजे बुडबुडे वर येऊन फुटू लागले.' तिची आई तेव्हापासून तिच्याकडेच राहायला आली होती. म्हातारीला हे बघवेना, एवढा त्रास कशाला हे तिला कळेना. "बाय, मी हाय ना चाय करून द्याला. कला यवरा तरास घेतंस?" कुंदानं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लिही," म्हणाली. "आईनं... मदत... करायची नाही." मी लिहिलं. म्हातारीला वाचता येत नव्हतं, मी तिला वाचून दाखवलं. ती पदर तोंडाला लावून दारात बसली, आणि पुढे कित्येक आठवडे लेक गॅसशी झटत असताना तशीच, हात मांडीखाली दाबून बसलेली मी तिला पाहिलं आहे. कुंदाला पहिल्यांदा एकटीनं चहा जमला त्या दिवशी तो म्हातारीनंच प्यायला. साखर पडली नव्हती. कागदावर साखर लिहायची राहिली होती, तो दोष माझा की तिचा ह्यावर कुंदा माझ्याशी भांडली. भांडताना तिला दोन पूर्ण वाक्यं सापडली.

हळूहळू ती सावरली, म्हणजे जितकं सावरणं शक्य होतं तितकी. प्रोग्रॅम लिहिणं जमणार नव्हतं. पण आमच्याकडे आता दोन हजार सालाच्या दुरुस्त्यांचा ढीग पडला होता. सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेले जुने प्रोग्रॅम एकेक करून उघडायचे आणि सुधारायचे. कामांची वर्णनं घाईघाईत लिहिली जायची. मी ती घेऊन तिच्याकडे जाऊ लागले. साहेबांना विचारलं, ते एवढंच म्हणाले, "तिला दाखवा. अवश्य दाखवा." ती खिडकीपाशी बसून डाव्या हातात लाल पेन्सिल धरायची. 'वगैरे'वर काट. 'शक्यतो'वर काट. 'योग्य ती तारीख' असं कुणी लिहिलं असेल तर 'योग्य'खाली रेघ मारून माझ्याकडे बघायची. "कोण... ठरवणार?" एवढेच दोन शब्द. ऑफिसातली नवी पोरं तिला कधी भेटली नाहीत, पण कागद लिहिताना आपसात म्हणायची, 'अबे, ये कुंदा मॅडम से वापस आएगा.' हे सांगितल्यावर तिचा चेहरा जो उजळला, तो मला अजून दिसतो.

ती जायच्या थोडे दिवस आधीची दुपार. धाप लागत होती, पावलं सुजली होती. मीनल शाळेत, म्हातारी आत पडलेली. मी आणलेले कागद तिनं बाजूला सारले. "मी नसले... तर," ती म्हणाली. मी चारचौघींसारखंच "काहीतरीच काय बोलतेस!" म्हटलं. माझं बोलून होईपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "मीनल."

"मी लक्ष देईन तिच्याकडे. तू अजिबात काळजी करू नकोस."

तिनं मान हलवली. "लक्ष... म्हणजे काय?"

"म्हणजे सगळंच गं. तिला काय हवं, काय नको..."

"नाही." ती दम घेत राहिली. खाली रस्त्यावर कल्हईवाला ओरडत गेला. "गणित," मग म्हणाली. "रविवारी. तेवढंच."

"तेवढंच काय, कुंदा? मी काय फक्त..."

"तेवढंच... होईल. नीट."

मला राग आला, खरं सांगते. इतक्या वर्षांची मैत्री आणि माझ्या वाट्याला रविवारचं गणित. तिनं ते ओळखलं असावं. डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. "आई व्हायचं नाही," म्हणाली. "तू. तिला आई... होती."

ती 'होती' म्हणाली. शब्द चुकला असेल, तिचे चुकायचे. मी तिच्याकडे बघितलं आणि मला कळलं की चुकलेला नाही. मग मी विचारलं, "आणि संपलं कधी म्हणायचं?"

ती अगदी समाधानानं हसली, कारण तिनं विचारायच्या आधी मी विचारलं होतं. "ती... नको म्हणेल. तेव्हा." मग थोडं थांबून, "रागवायचं नाही."

त्यानंतर आमचं बोलणं झालं ते इकडचं तिकडचं. पुढच्या खेपेला गेले ती सुरेशच्या फोनवरूनच.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी कोपरला गेले. सुरेशनं दार उघडलं, बाजूला झाला. म्हातारीनं माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. मीनल टेबलापाशी बसली होती, सातवीचं गणिताचं पुस्तक उघडं, अपूर्णांकांचा धडा. मी शेजारी बसले. आम्ही गणितं सोडवू लागलो. ती हुशार आहे, पण घाईत मधली पायरी गाळते. दुपार कलत गेली तसे तिचे केस सुटत आले, बटा वहीवर येऊ लागल्या. डाव्या हातानं त्या मागे सारून ती लिहीत होती. माझा हात आपोआप उचलला गेला. किती सोपं होतं... दोन मिनिटांचं काम. मी तो हात टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं त्यावर दाबून धरला.

एक उदाहरण पुरं करून मीनलनं पेन्सिल ठेवली. रिबन सोडून एक टोक दातांत धरलं, मान एका अंगाला झुकवली आणि सगळे केस डाव्या खांद्यावर घेऊन, तिथेच, कानाखालून वेणी घालायला लागली. मी बघत राहिले. उजवा हात गेल्यावर कुंदा रोज सकाळी पोरीला पुढ्यात घेऊन बसायची. एका हातानं वेणी घालायची म्हणजे रिबन दातांत, केस एका बाजूला. मधोमध तिला जमायचं नाही. शाळेत मुली चिडवायच्या, तरी मीनलनं दुसऱ्या कुणाला केसांना हात लावू दिला नव्हता.

ह्या मुलीचे दोन्ही हात धड आहेत. वेणी तिनं तशीच घातली, एका बाजूला झुकलेली. गाठ मारली, दातांतून रिबन सोडली आणि म्हणाली, "हं मावशी, पुढचं?"